इंजिनावरची पिवळी अक्षरं

कमेंटमध्ये विचारायला नको म्हणून आधीच सांगते... माझा भूतखेत, करणी, साडेसाती, कशावरही विश्वास नाही. मी विमा कंपनीत क्लेम्स बघते. वीस वर्षं लोक मला खऱ्याखोट्या हकिगती सांगताहेत आणि मी सगळ्यांना एकच विचारते, फोटो आहे का? त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण फोटो आहेत, आणि तीच अडचण आहे.

आम्ही मूळचे भुसावळचे. माझे वडील, आप्पा, रेल्वेत वॅगन दुरुस्तीच्या कामावर होते. बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. बनी पार्कात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, धाकटा भाऊ नितीन पुण्याला. घरात आम्ही दोघं आणि पोर्चमध्ये तिसरी, अँबॅसिडर. आप्पांनी ती भुसावळला असताना एका डॉक्टरांकडून घेतली होती, तेव्हाही ती जुनीच होती.

दोन वर्षांपासून आप्पांचं विसरणं सुरू झालं होतं. चष्मा कुठे ठेवला, चहा झाला की नाही, असलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, नवं आधी जातं, जुनं टिकतं. आणि खरंच, जुनं सगळं लख्ख होतं. भुसावळच्या क्वार्टरचा नंबर, आईच्या शालूचा रंग, मी सातव्या महिन्यात जन्मले आणि दोन महिने दवाखान्यात काचेच्या पेटीत होते ते... हे सगळं रोज चहाबरोबर ऐकायचं. मी वैतागायचे. "आप्पा, झालं हे कालच सांगून!" म्हणायचे. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

या हिवाळ्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. माझ्या डोक्यात आलं, इथल्या मराठी मंडळाच्या हॉलवर त्यांना त्यांच्याच गाडीतून न्यायचं आणि तिथे सगळ्यांसमोर बॉनेट उघडून चकचकीत इंजिन दाखवायचं. गाडी चालायची छान. आमचे मिस्त्री भंवरजी बघायचे तिच्याकडे. पण इंजिनावर बाहेरून ऑइल आणि धुळीचा असा थर होता की खालचं लोखंड दिसायचं नाही. भंवरजींना विचारलं तर ते मान हलवायला लागले. "दीदी, चलता इंजन है, इसको नहलाओ मत. बाबूजी ने कभी ऊपर से हाथ नहीं लगाने दिया." मी ऐकतेय थोडीच! चार व्हिडिओ बघितले, ऑइलचा मळ सोडवणाऱ्या डिग्रीझरचा कॅन मागवला, ब्रश आणले आणि रविवारी सकाळी कंबर कसली.

पहिल्या रविवारी इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, टॅपेट कव्हर, घेतलं. स्प्रे मारायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, ब्रशने घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं. प्रत्येक टप्प्यावर मी फोटो काढत होते, ऑफिसची सवय. काळा थर सुटला तेव्हा खाली काहीतरी पिवळं दिसलं, ऑइल पेंटने रंगवलेलं. गॅरेजवाल्यांचा नंबरबिंबर असेल म्हणून मी पुसून टाकलं. कव्हर असं निघालं की मीच माझ्यावर खूश!

दुसऱ्या दिवशी चहाला आप्पांनी भुसावळ काढलं नाही. मीच गंमत म्हणून विचारलं, "काय आप्पा, आज भुसावळची गाडी लेट का?"

"भुसावळ?" ते म्हणाले. "तिथं कोण असतं आपलं?"

मी हसले. वाटलं, चेष्टा करताहेत.

पुढच्या रविवारी डायनामो आणि त्याचा ब्रॅकेट. पुन्हा थोडं पिवळं, पुन्हा पुसलं. संध्याकाळी आप्पा दिवाणखान्यात आईच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभे होते. बराच वेळ बघून त्यांनी हळूच विचारलं, "या बाई कोण गं? चेहरा सज्जन आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, असं कधी कधी एकदम खाली येतं, पायरी उतरल्यासारखं. मी म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होतात जुनं टिकतं? त्यांनी गोळी बदलून दिली. नितीन फोनवर म्हणाला, "ताई, समारंभ लवकर उरकून घे." मग काय, मी इंजिनही लवकर उरकायचं ठरवलं. काय अक्कल!

तिसरा रविवार. आप्पा पोर्चमध्ये उन्हात वेताच्या खुर्चीवर बसले होते, संत्रं सोलत. मी इंजिनाच्या ब्लॉकवर, एका बाजूला, भरपूर स्प्रे मारला. "वैजू, हातात मोजे घाल गं," ते म्हणाले. मी "हो" म्हटलं आणि घातले नाहीत. पंधरा मिनिटं काढायची म्हणून पायरीवर बसून नितीनला पाठवायला आधीचे फोटो चाळत होते. टॅपेट कव्हरचा एक फोटो सहज मोठा केला. फेसाखाली पिवळी अक्षरं होती, आप्पांच्या वळणाची.

भुसावळ सोडले.

तुम्ही मालगाडीचे डबे बघितले असतील. दुरुस्ती कुठे आणि कधी झाली ते डब्यावर रंगवलेलं असतं. आप्पांनी आयुष्यभर तेच केलं. गाडीचं मोठं काम झालं की ते लहान ब्रश घेऊन इंजिनात वाकून काहीतरी रंगवायचे, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. मला वाटायचं तारीख असेल. मी डायनामोचा फोटो मोठा केला. तारीख होतीच. आणि पुढे, सुधा आली. सुधा म्हणजे माझी आई.

मी धावत बॉनेटकडे गेले. ब्लॉकवरचा थर सुटून खाली ओघळत होता आणि त्यातून अक्षरं वर येत होती. वैजू घरी आणली.

दवाखान्यातून मला याच गाडीतून आणलं होतं.

आता काय करू? पाणी मारलं तर रंग जाईल. पुसलं तर जाईल. काहीच केलं नाही तर तो फेस त्याचं काम करतच होता. मी मूर्खासारखी फुंकर मारत होते. फडक्याचं टोक अक्षरांच्या खाली धरलं, तर ते पिवळं झालं. 'जू' वाकडा झाला आणि सरकला. मी 'वै'वर बोट दाबून धरलं, जसं काही रक्त थांबवायचं आहे... बोट उचललं तर अख्खं अक्षर माझ्या बोटावर! मी मोठ्याने "नको, नको" म्हणत होते, हे मला नंतर समोरच्या काकूंनी सांगितलं.

मागून आप्पांचा आवाज आला. "ताई, काही लागलं का तुम्हाला?"

त्यांनी मला जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं. मी वळले. ते संत्र्याच्या फोडी पुढे करत उभे होते. "घ्या," म्हणाले. "कुणाकडे आलात आपण?"

मी त्या फोडी खाल्ल्या. दुसरं काय करणार होते?

नंतर मी पिवळा ऑइल पेंट आणला. फोटो समोर ठेवून तिन्ही ठिकाणी पुसली गेलेली अक्षरं त्याच वळणाने रंगवली, अगदी काना-मात्रा जुळवून. काही झालं नाही. समारंभ झाला. इंजिनाचं सगळ्यांनी कौतुक केलं, आप्पांनीही. "कुणाची आहे हो? छान ठेवलीय," असं मलाच म्हणाले. डॉक्टर म्हणतात योगायोग. माझ्यासमोर असा क्लेम आला असता तर मीही तेच लिहिलं असतं.

पण एक गोष्ट राहिली. त्या दिवशी ब्लॉकवरचं माझं नाव गेलं, फेस वाळला तेव्हा पुढचे दोन शब्द मात्र शिल्लक होते. 'घरी आणली' अजून तसंच आहे, आप्पांच्या हातचं. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला आप्पा अस्वस्थ होतात. चपला घालतात, पोर्चपर्यंत येतात, किल्ली शोधतात.

"घरी आणली का?" विचारतात.

"कुणाला, आप्पा?"

"नाव आठवत नाही हो. पण आणायची आहे. लहान आहे फार. उशीर होतोय."

घामाने भिजतात, कधी रडतात. मी सांगते, आणली, घरातच आहे. ते घरभर शोधतात आणि माझ्याजवळून पुढे जातात.

नितीनला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "ताई, मतलब... तेवढे दोन शब्दही पुसून टाक ना. शांत तरी होतील बिचारे."

अर्धा कॅन अजून कपाटात आहे. रोज पाच वाजले की मी तो काढते आणि बॉनेट उघडते. मागून आप्पा येतात, त्यांना किल्ली सापडलेली नसते. "ताई, जरा बघता का," म्हणतात, "माझी मुलगी वाट बघत असेल."

मी बॉनेट बंद करते.