रजबकाकांच्या समुद्राला मीठ नव्हतं!

अनघाचा फोन आला तेव्हा मी सहावीचे इतिहासाचे पेपर तपासत होते. अनघा माझी मावसबहीण, कुवेतमध्ये एका बँकेत अकाउंटंट आहे. "ताई, माझ्या ऑफिसातल्या इजिप्शियन मित्राचे वडील, रजबकाका, आलेत गावाहून. ते तुझी ती टोळीवाली गाथा गातात. रबाब वाजवून!"

माझ्या हातातलं लाल पेन एका निष्पाप मुलाच्या पेपरवर वेडंवाकडं फिरलं.

'माझी टोळीवाली गाथा' म्हणजे काय ते सांगते. मध्ययुगात अरबस्तानात दुष्काळ पडला आणि एक अख्खी बेदुइन जमात उंट, तंबू, म्हातारेकोतारे घेऊन कुरणांच्या शोधात निघाली. इजिप्त ओलांडून, भूमध्य समुद्राच्या कडेकडेने थेट ट्युनिसपर्यंत गेली. त्या प्रवासाची गाणी इजिप्तच्या खेड्यांत आजही तोंडपाठ गातात. मी वर्षानुवर्षं त्यांच्याबद्दल वाचत आले, पण जिवंत गळ्यातून एक ओळ ऐकली नव्हती.

"तुला अरबी येतं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"कान तर आहेत ना!"

नाताळच्या सुट्टीचं तिकीट काढलं. जाणाऱ्यांसाठी सांगते, व्हिसा ऑनलाइन मिळाला, मुंबईहून विमानाला चारेक तास लागतात, आणि हिवाळ्यात स्वेटर न्याच. कुवेत म्हणजे भट्टी, असं समजून मी सुती कुर्ते भरले आणि पहिल्या संध्याकाळी एगैलाच्या मॉलमध्ये कुडकुडत जाकीट घेतलं. अनघाचं घर तिथून जवळच आहे.

पण तिने दारातच वाईट बातमी दिली. "रजबकाका रबाबाला हातच लावत नाहीयेत. मागच्या शुक्रवारी मुलाच्या मित्रांसमोर गायले. सगळ्यांनी मोबाइल वर धरले आणि चिडीचूप बसले. काका म्हणाले, मयताला गाऊन दाखवल्यासारखं वाटलं."

"मग आता?"

"शुक्रवारी दुपारी बोलावलंय आपल्याला. बघू."

शुक्रवार उजाडेपर्यंत मी शहर पायाखाली घातलं. बसला पाव दिनार लागतो आणि खिडकीतून अर्धं कुवेत दिसतं. एका संग्रहालयात इजिप्तचा सोनेरी झिलईचा वाडगा पाहिला आणि त्याच्या शेजारी सिसिलीची हस्तिदंती पेटी. ज्या काळात सिसिलीच्या ख्रिस्ती राजाच्या कचेरीत ग्रीक, लॅटिन आणि अरबी अशा तिन्ही भाषांत कागद निघत, त्या काळातली! मी काचेला इतकी चिकटले की पहारेकऱ्याने प्रेमाने खाकरून दाखवलं. तिथून शर्कच्या मासळीबाजारात गेले. पापलेटांचे ढीग होते आणि विक्रेता माझ्याशी हिंदीत घासाघीस करत होता. तिथेच वरच्या मजल्यावर मासा भाजून देतात. लिंबू पिळून, गरम खुबूस रोटीबरोबर खाल्ला. मी बोटं चाटली, उगाच लाजायचं कशाला!

शुक्रवारी आम्ही हवल्लीला, काकांच्या मुलाच्या घरी गेलो. दुभाषी म्हणून झुबेदाभाभी आल्या. अनघा पूर्वी हवल्लीत राहायची तेव्हाच्या तिच्या शेजारीण. मूळच्या रत्नागिरीकडच्या, पंचवीसेक वर्षं इथे, स्वतःचं अबायांचं, बुरखेवजा झग्यांचं दुकान. आवाज असा की फोनची गरज नाही. "बाय, मी शब्दाला शब्द सांगतंय तुला," त्यांनी जिन्यातच बजावलं. "पण मधे मला आवडला नाय तर मी गप बसायची नाय हां."

अनघाने माझ्याकडे घाबरून पाहिलं.

घरात दहाबारा माणसं होती. रजबकाका कोपऱ्यात, पायघोळ राखाडी गलाबियात, हातात चहाचा छोटा ग्लास. मुलाने तीनदा विनंती केल्यावर, पाहुणी हिंदुस्थानातून आली म्हणून केवळ, त्यांनी रबाब मांडीवर घेतला. दोनच तारा! पण गज फिरला आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. जमात निघाली, विहिरी आटल्या, उंटिणी हंबरल्या. झुबेदाभाभी कानात सांगत होत्या. बाकी सगळे मोबाइल वर धरून अगदी आदराने गप्प होते. काकांचा आवाज हळूहळू उतरत चालला. आता ते थांबणार हे मला दिसत होतं आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात जमात समुद्राशी पोचली. वाळवंटातली माणसं, जन्मात एवढं पाणी पाहिलेलं नाही. त्यांच्यात एक आंधळी म्हातारी. तिने मुलाला विचारलं, "बाळा, हा आवाज कसला?" पुढे कुरण नाही, वाटच संपली, हे आईला कसं सांगायचं? मुलगा म्हणाला, "आई, गवत आहे. कमरेइतकं गवत वाऱ्यावर हलतंय." म्हातारी समाधानाने हसली.

"खोटा!" झुबेदाभाभी कडाडल्या.

रबाब थांबला. अनघाने डोळे मिटले. भाभी मात्र अरबीत सुरू झाल्या होत्या आणि मधूनमधून माझ्यासाठी मराठीत वळत होत्या. "आंधळी हाय ती, नाक गेला नाय तिचा! माझा जन्म दर्यावर गेलाय. अर्ध्या कोसावरून खारा वास येतो. ओठांवर मीठ बसतो. आणि ह्या बाईला गवत वाटला?"

काकांचा मुलगा लालबुंद झाला. काका भाभींकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्याला हात लावला आणि असे हसत सुटले की चहा गलाबियावर सांडला.

"आमच्या गावात नाईललाच 'बहर' म्हणतात," ते म्हणाले. 'बहर' म्हणजे समुद्र. "मी लहानपणापासून हा समुद्र गातोय आणि डोळ्यांपुढे आमची नदीच असते. गोडं पाणी! माझ्या बापाच्याही समुद्राला मीठ नव्हतं. शिट्ट्या मारल्या, शिव्या घातल्या लोकांनी, पण हे कुणी विचारलं नाही!"

त्यांनी गज उचलला. परत मागे गेले, म्हातारीच्या प्रश्नापाशी. मुलगा तेच खोटं बोलला. आणि मग काकांनी, तिथल्या तिथे, यमक जुळवत, नवी ओळ घातली. झुबेदाभाभी सांगताना अडखळल्या. "म्हातारीनं... ओठांवरनं जीभ फिरवली. खारट लागला. तिला कळला, बाय. सगळा कळला. आणि ती पोराला म्हणते, 'हो रे, गवताचाच वास येतोय.'"

त्यानंतर काय झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. कुणीतरी "अल्लाह!" म्हणून ओरडलं. मोबाइल खाली गेले. मी टाळ्या वाजवत होते, अनघा आणि तो लालबुंद मुलगा दोघंही डोळे पुसत होते आणि भाभी उभ्या राहून "आता बरोबर! आता बरोबर!" म्हणत होत्या. काका मगरिबच्या, सूर्यास्ताच्या अजानपर्यंत गायले. लोकांनी अडवलं, वाद घातला, ओळी परत म्हणायला लावल्या. जिना उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या, मी नुसती तरंगत होते.

पुण्यात येऊन आता महिना झाला. खजूर संपले, जाकीट कपाटात गेलं. माझ्याकडे त्या दुपारचं रेकॉर्डिंग आहे, पण नेमक्या त्या ओळीवर माझीच किंकाळी ऐकू येते. तरी रोज ऐकते. शेकडो वर्षांच्या गाथेत एक ओळ शिरताना मी तिथे होते. आयुष्यात एवढं भाग्य पुरे, असं वाटतं आणि लगेच पुढच्या सुट्टीची तिकिटं बघते.

काल झुबेदाभाभींचा फोन आला. रजबकाका गावी परतले, एका लग्नात गायले आणि मीठ चाखणाऱ्या म्हातारीला साऱ्या गावाने डोक्यावर घेतलं.

"त्यांनी सांगितलं ना, ओळ कुणामुळे सुचली ते?" मी विचारलं.

"सांगितला तर! म्हणाला, बापाकडून आलीये, फार जुनी हाय." मग पलीकडून असा खणखणीत हसण्याचा आवाज आला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.