साच्याचा आवाज

माझी भाची गिरगावात राहते आणि अ‍ॅनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षाची तिची फिल्म साडेतीन मिनिटांची होती. एक बंद पडलेली गिरणी, तिच्यातला एक जुना माग, आणि घरट्यासाठी त्याचे धागे ओढून नेणारी एक साळुंकी. संवाद एकही नाही. एका रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन लालबागला आमच्या घरी आली आणि म्हणाली, "मावशी, म्युझिक आणि सगळे आवाज तू करायचे."

मी घरी मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवते. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांनी बांधलेल्या चाली वाजवल्या. स्वतः काही बांधायचं म्हटल्यावर मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. आठवडाभर खपून मी बासरीच्या आवाजात एक संथ, उदास चाल तयार केली. मागाचा आवाज भाचीने इंटरनेटवरून उतरवून घेतला होता, तो खाली जोडला.

तिने ऐकलं आणि मान हलवली. "मावशी, रागावू नकोस हां. पण हे मालिकेत कोणीतरी गेल्यावर वाजतं ना, तसं झालंय."

मी रागावलेच होते. पण ती खरं बोलत होती.

तेवढ्यात बाबा बाहेरच्या खोलीत आले. बाबांनी तीस वर्षं गिरणीत विणकाम केलं. मागाला ते साचा म्हणतात, आणि साचे जिथे चालत त्या खात्याला साचेखातं. त्या खात्याने त्यांचे कान नेले. डाव्या कानात मशीन आहे, पण ते बहुतेक वेळा कपाटाच्या खणात असतं. समोर उभं राहून बोललं की ओठांवरून त्यांना सगळं कळतं. त्या दिवशी नातीची फिल्म बघायची म्हणून त्यांनी मशीन मुद्दाम लावलं होतं.

फिल्म संपली तरी ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो साचो नाय. ही शिलाई मशीन."

भाची त्यांच्यासमोर जाऊन बसली. "मग खरा आवाज कसा असतो, आजोबा?"

"कानान खंय ऐकूक येतलां? तिकडे आपलो आवाज आपणाक ऐकूक येय नाय. साचो पायांक कळायचो."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. आवाज पायांना कसा कळतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाबांनी आम्हाला चपला काढून उभं केलं आणि स्वतः टाच आपटून दाखवली. आडवा धागा घेऊन जाणारा धोटा उजवीकडून सुटतो, तो फटका. मग तो धागा घट्ट बसवायला फणी त्याच्यावर आदळते, तो जड ठोका. मग धोटा डावीकडून परत, पुन्हा फणी. फटका कोरडा, ठोका भरलेला. दोन्ही सारख्याच जोराने मारले तर ती शिलाई मशीन होते, हे मला तेव्हा उमगलं.

मग दुपारभर आम्ही घर धुंडाळलं. धोट्यासाठी लाकडी खणातून लाटणं सरकवून पाहिलं. ते शेवटी खणाच्या फळीवर आदळलं की बाबांचा चेहरा उजळायचा. फणीसाठी मी पुस्तक आपटलं, गादी आपटली, काहीच जमेना. शेवटी बाबांनी पत्र्याच्या ट्रंकेवर सतरंजीची घडी ठेवली आणि तिच्यावर मूठ मारली. भाची फोन उशीवर ठेवून सगळं रेकॉर्ड करत होती. शेजारच्या वहिनींनी बेल वाजवली.

"फर्निचरचं काम काढलंय का हो?"

"नाही, वहिनी. साचा चालवतोय."

त्या आत येऊन बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी त्या स्वतःच एका डब्यात चमचे हलवत होत्या, कारण साच्याच्या अंगात एक बारीक खुळखुळ असते असं बाबांनी सांगितलं होतं.

संध्याकाळी भाचीने तुकडे जोडून एक साचा चालू केला. बाबांनी स्पीकरवर तळहात ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "एकच?"

"म्हणजे?"

"माझे दोन साचे होते. एक जरासो फुडे, दुसरो मागे. धावता धावता दोनी एकदा एकत्र पडत. मगे परत सुटत. मी त्याचीच वाट बघत रवायचंय."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बोटांनी दोन वेगवेगळ्या गतींचे ताल धरले. बघता बघता हात जवळ आले, एका ठोक्यावर मिळाले, पुन्हा वेगळे झाले. ही बोटं मी लहानपणापासून बघत आले होते. जेवायला बसल्यावर, बसमध्ये, डॉक्टरकडे. आम्ही ती स्वभावाची खोड समजत होतो. बाबा कधी भजनाला बसले नाहीत, माझ्या पेटीजवळही फिरकले नाहीत. त्यांना संगीताचं अंग नाही, असं मी लोकांना हसत हसत सांगतही असे. आणि हा माणूस आठ आठ तास उभा राहून दोन ताल एकत्र यायची वाट बघत होता.

मी बासरी काढून टाकली. दोन साचे, एक डाव्या स्पीकरमधून आणि एक उजव्या, थोड्या फरकाच्या गतीने सोडले आणि ते जिथे जिथे एकत्र येतील तिथेच पेटीचा एक सूर ठेवला. सूर कुठे पडणार हे मी ठरवत नव्हते, साचे ठरवत होते. चौथ्या की पाचव्या वेळी सूर पडला तेव्हा पडद्यावरच्या साळुंकीने नेमका धागा उचलला. भाची खुर्चीतून उठलीच. "मावशी, हे तू मुद्दाम केलंस?"

"नाही गं. मीसुद्धा आत्ताच बघतेय."

कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये दुपारी फिल्म दाखवली. बाबा मशीन काढून बसले होते, दोन्ही तळहात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. टाळ्या वाजल्या त्या त्यांना दिसल्या. भाचीच्या सरांनी वाकून, तोंड नीट समोर धरून विचारलं, "कसं वाटलं, आजोबा?"

"बरा आसा," बाबा म्हणाले. "पण डावो साचो वाईच घाई करता."

सर हसले. भाची हसली नाही. तिने वही काढली आणि ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून विचारायला लागली, घाई म्हणजे नक्की किती, आणि फिल्ममध्ये कुठपासून.