माझ्या अपमानाचं भाषांतर

तुमचा अपमान तुम्हालाच दुसऱ्या भाषेत सांगायला लावलाय का कुणी, कधी?

मला लावला. टोकियोत, हिगाशी-कसाईच्या सार्वजनिक सभागृहात, रविवारी दुपारी. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाची तालीम चालली होती. बूट दाराशी, सगळ्यांच्या पायांत एकसारख्या सपाता. अध्यक्षकाका खुर्चीतून न उठता म्हणाले, "त्यांना सांग, न्यायाधीशबाई हिला नको. हिला मोलकरीण द्या. हिच्या बोलण्यात ते मुळातच आहे."

'ही' म्हणजे मी. 'त्यांना' म्हणजे दिग्दर्शक बशीरसानना; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. त्यांना मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम. काका इतकी वर्षं जपानात राहून दुकानापुरतं जपानी बोलतात. मी इथे पीएचडी करते, जपानी येतं, म्हणून दुभाषी मीच.

बशीरसान अल्जीरियाचे. ओरान बंदरातल्या गोदी कामगाराचा मुलगा. तरुणपणी नट व्हायला पॅरिसला गेले. तिथे त्यांना चोर मिळाले, टॅक्सीवाले मिळाले, पहिल्याच दृश्यात मरणारे मिळाले. एक निर्माता म्हणाला, तुझी फ्रेंच फार शुद्ध आहे, जरा बिघडवून बोल. त्यांनी ती भूमिका सोडली आणि स्वतः नाटकं बसवायला लागले. पुढे एका जपानी नटीशी लग्न करून इथे आले. इथल्या टीव्हीने त्यांना फेटा बांधून करीच्या जाहिरातीत भारतीय बनवलं. ते पोटासाठी. नाटक मानासाठी.

मंडळाने त्यांना शोधलं ते जाहिरात बघून. निमंत्रणावर छापलं 'पॅरिसचे दिग्दर्शक'. मी काकांना विचारलं, असं का? म्हणाले, "अल्जीरिया कोणाला माहितीये? पॅरिस म्हटलं की हॉल भरतो."

बशीरसानची एक पद्धत होती. ते आधी भूमिका वाटत नसत. प्रत्येकाने प्रत्येक भूमिका वाचायची, उभं राहून, सगळ्यांसमोर. मग ठरवायचं. मंडळाची पद्धत वेगळी. तिथे भूमिका काकांच्या घरी, पोह्यांच्या बश्यांबरोबर वाटल्या जातात आणि मुख्य भूमिका दरवर्षी काकांच्या बायकोकडे, सगळ्या मंडळाच्या वहिनींकडे जाते.

नाटकात दोन बायका. एक न्यायाधीश, एक चोरीचा आळ आलेली मोलकरीण. वहिनींनी न्यायाधीश वाचली, साबुदाणा किती वेळ भिजवायचा हे सांगावं तशी. मग मी वाचली. बशीरसान म्हणाले, "न्यायाधीश तुम्ही."

मधल्या सुट्टीत वहिनी चहा घेऊन जवळ आल्या. गोड हसल्या.

"आडनाव काय म्हणालीस गं तुझं?"

सांगितलं.

"मूळचे कुठले?"

"नांदेडकडचे."

"नांदेडकडे कुठे?"

"वहिनी, आम्ही बौद्ध. एवढंच हवं होतं ना?"

"छे गं, आम्ही असलं काही मानत नाही," म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे गेल्या. सुट्टी संपली आणि काकांचं ते वाक्य आलं.

हीच माणसं शेजारच्या निशी-कसाईत, भारतीयांच्या वस्तीत, एकमेकांच्या घरी बसून रडतात. घरमालक परदेशी म्हणून फ्लॅट देत नाही. ट्रेनमध्ये शेजारची सीट रिकामी राहते. भेदभाव म्हणजे काय, हे ह्यांना नेमकं ठाऊक आहे. फक्त तो करायची पाळी आपली आली की ह्यांना ती परंपरा वाटते. ह्यांची कीवही येत नाही मला.

तोवर मी काकांचा उर्मटपणा जपानीच्या आदरार्थी रूपांत घोळवून पोचवत होते. "ह्याला म्हणावं लवकर आटप" याचं मी "कृपया, वेळेचा विचार व्हावा" करत होते. माझे बाबा चळवळीतले. आमच्या घरी पुस्तकांहून पत्रकं जास्त. शाळेत जायच्या आधी मी त्यांच्या घड्या घालायचे. त्यांत कृपया नसायचं.

मी उभी राहिले. बशीरसानना जपानीत सगळं सांगितलं. काकांचे शब्द जसेच्या तसे. ते आत्ताच का आले तेही. माझी जात त्यांना आत्ताच कळली म्हणून. निमंत्रणावर पॅरिस का छापलंय तेही सांगितलं.

काका चुळबुळले. "एवढं लांबलचक काय सांगतेस? मी तर दोन-तीनच वाक्यं बोललो."

"काका, त्यांत एवढं सगळं होतं."

बशीरसाननी मला विचारलं, "तुम्हाला काय हवं?" त्या सभागृहात हे विचारणारे ते पहिलेच.

मी मराठीतच उत्तर दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून. "मी न्यायाधीश करणार. मोलकरीण हलकी म्हणून नाही. माझ्या आईने धुणीभांडी केलीत. पण ती भूमिका माझ्या जातीकडे बघून मिळणार असेल, तर नाही करणार."

"मग मंडळात जागा नाही," काका म्हणाले.

"बरं."

वहिनी म्हणाल्या, "सणासुदीला कशाला गं हे? केवढीशी गोष्ट."

मी बशीरसानना हेही सांगितलं. त्यांनी आपली खुर्ची मिटवून भिंतीशी लावली, निमंत्रणावरून नाव काढायला सांगितलं आणि बूट घालायला गेले. बाकीच्यांनी पानं उलटून पुढचा प्रवेश काढला. मीही निघाले.

नाटक झालं. न्यायाधीश वहिनीच झाल्या. टाळ्या पडल्या असतील. भारतीय दुकानात आता मंडळातले लोक मला बघून डाळींच्या रांगेत वळतात. माफी कोणी मागितली नाही, आणि मागितली तरी मी ती घेणार नाही. जो माणूस माझं आडनाव ऐकून माझी उंची ठरवतो, त्याच्या तोंडचा एकही शब्द मी यापुढे मऊ करणार नाही. तो बोलेल तसा लोकांपुढे ठेवीन.

तुम्हालाही कुठल्यातरी मंडळाचं निमंत्रण येईल. जाण्याआधी फोन करा. विचारा, भूमिका कशावरून वाटल्या? पलीकडून तुमचं आडनाव विचारलं गेलं, तर सांगू नका. जाऊही नका.