घागरीएवढं अंतर

मे महिन्यातला दुसरा मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. हजर: शिलाई हॉलमध्ये अकरा बायका, ओतकामावर मामू आणि त्यांचे चार गडी, कटिंगला दोघे, प्रॉडक्शन मॅनेजर, आणि मी. गैरहजर: शेठ. ते वैजापूरच्या व्यापाऱ्याला घेऊन जेवायला गेले होते.

हे वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. दिवसातून तीनदा हजेरी लिहायची माझी सवय आहे आणि तिच्यावरून कारखान्यात भरपूर थट्टा होते. होऊ दे. त्या दिवशी ही वही कामाला आली, शेठचा फायर एक्स्टिंग्विशर आला नाही.

वाळूजला आमचा गाद्यांचा कारखाना. मी तिथं चौदा वर्षं स्टोअर आणि डिस्पॅच बघते. फोमची गादी कशी होते हे बहुतेकांना माहीत नसतं. पलंगाएवढी लाकडी पेटी असते, तिला आतून प्लास्टिक लावलेलं. पिंपात मधासारखं दाट केमिकल घ्यायचं, त्यात मापानं पाणी आणि आणखी दोन-चार गोष्टी टाकून फिरकी लावायची, आणि सगळ्यात शेवटी दुसरं केमिकल. मग मामू मोठ्यानं आकडे मोजतात. ते "दस" म्हणाले की पिंप पेटीत रिकामं. पातळ रस तळाशी पसरतो, पांढरा पडतो आणि दोन मिनिटांत कमरेच्या वर येतो. शिलाईतल्या बायका म्हणतात, "ढोकळा आला."

पण ढोकळा ताटात काढला की निवतो. फोमचा ब्लॉक निवत नाही. ऊब धरून ठेवणं हाच त्याचा गुण, म्हणून तर लोक त्यावर झोपतात. बाहेरून हाताला कोमट लागतो तेव्हा आत भट्टी असते, आणि ती ओतल्यावर कितीतरी वेळ तापतच राहते. म्हणून नियम असा, की आज ओतलेला ब्लॉक उद्या त्याच वेळेपर्यंत कापायचा नाही, रचायचा नाही, दुसऱ्याला टेकवायचा नाही. शेडमध्ये मोकळा उभा करायचा, चारही बाजूंनी वारा लागला पाहिजे. प्रत्येक ब्लॉकला मी पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचते: नंबर, ओतल्याची वेळ, मामूंची सही.

दोन ब्लॉकांमध्ये अंतर किती? भिंतीवरच्या कागदावर फुटात लिहिलेलं आहे, पण टेप कोण काढतो? आमचं माप वेगळं आहे. पाण्याची टाकी शेडच्या पलीकडच्या टोकाला. शिलाईतल्या बायका पाळीपाळीनं पाणी आणायला जातात, ते ब्लॉकांच्या मधूनच. कमरेवर भरली घागर घेतलेली बाई ब्लॉकला न घासता पार झाली, तर अंतर बरोबर. "घागरीएवढं" म्हटलं की आजच कामाला लागलेला गडीसुद्धा चुकत नाही.

त्या मंगळवारी पाण्याची पाळी पैठणकडच्या एका बाईची होती. ती घागर घेऊन टाकीजवळून ओरडली, "ताई, वाट बंद झाली वो! घागर जायना."

हॉलमधून कुणीतरी म्हणालं, "घागर नाय, तूच जायना. दोन भाकरी कमी खात जा."

"तू ये की मग बारीक! ये, जाऊन दाखीव."

मी उठून पाहायला गेले. सकाळपासून ओतलेले सहा ब्लॉक एकमेकांना चिकटवून, शिलाई हॉलच्या भिंतीला लावून उभे केले होते. हॉलला दार एकच, तेही त्याच भिंतीत. दारासमोर जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट ठेवली होती. चिठ्ठ्या वाचल्या. पहिली दहा वीसची, शेवटची साडेबाराची.

मॅनेजर तिथंच उभे होते. तिशीतले, पुण्याहून आलेले, वर्ष झालेलं. "लग्नसराईचा माल आहे मॅडम," ते म्हणाले. "पाच वाजता वैजापूरचा ट्रक भरायचाय. तीनला कटिंग चालू करतो. मशिनजवळ आणून ठेवलेत."

"आजचे ब्लॉक आज कापायचे?"

"हात लावून बघा ना. गार आहेत."

"हात लावून बघायला तो काय परकर आहे, वाळला का बघायला? मामू, सळई आणा."

सळई म्हणजे लांब दांड्याचा थर्मामीटर. तो ब्लॉकच्या पोटात खुपसायचा. तबकडीवर धोक्याची खूण पुसट झाली होती, म्हणून शिलाईतल्या एकीनं मागेच तिथं नेलपॉलिशची लाल रेघ मारून दिली होती. मामूंनी चौथ्या ब्लॉकमध्ये दांडा घातला. काटा रेघेपर्यंत आला, रेघेवरून पुढं गेला.

"बाई, ये तो चढरा है," मामू हळूच म्हणाले. "अब तक उतरना था."

"पाणी किती टाकलं आज?"

मामूंनी मॅनेजरकडं पाहिलं. "वो थंडा रखने का केमिकल कल ही खतम हुआ. साब बोले, पानी बढाओ. मैं बोला नक्को. साब बोले, डालो."

इथं एक सांगायला हवं. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं यावरून गल्लीगल्लीत भांडणं होतात. आमच्या कारखान्यात मात्र पाण्यानं आग लागते. ते केमिकल फोम फुगवतं आणि गारही ठेवतं; त्याच्याऐवजी पाणी वाढवलं की फोम फुगतो खरा, पण त्याच हिशेबानं जास्त तापतो. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. मॅनेजरना ते पुस्तकातून माहीत होतं, आणि तरी त्यांनी केलं. पाण्याचं एक माप वाढवलं, आणि मधल्या वाटा बुजवल्या. दोन्हींतलं एकच केलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

मी हॉलच्या दारात गेले. "मशीन बंद करा. सगळ्या बाहेर."

एकही उठली नाही. लग्नसराईत प्रत्येकीला नगावर पैसे मिळतात. मधेच उठली तर तिचंच नुकसान. "ताई, चार गाद्यांची कड राहिली, तेवढी मारते," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मागच्या टायमाला उंदीर निघाला तवाबी तुम्ही असंच उठवलं व्हतं."

समजावत बसायला वेळ नव्हता. मी वही उघडली आणि हजेरी घ्यायला लागले. एकेकीचं नाव, मोठ्यानं, आडनावासकट. चौदा वर्षांची सवय त्यांनाही आहे. नाव आलं की "हजर" म्हणून उभं राहायचं. उभी राहिली की मी म्हणायचे, "बाहेर, लिंबाखाली." एकेक जण त्या फटीतून आडवी होऊन निघाली. एक मधेच थांबून म्हणाली, "अगं बाई, चुलीम्होरं बसल्यावानी लागतंय." दहावी निघाली; अकरावी घागर घेऊन आधीच बाहेर होती, तिच्याही नावापुढं मी वहीत खूण केली.

बाहेर मॅनेजर वाट पाहत होते. "लाइन कोणाला विचारून बंद केली?"

"विचारते ना. आधी बायका बाहेर आणल्या, आता विचारते. चालू करू का? तुम्ही आत जाऊन बसणार असाल तर करते."

ते आत गेले नाहीत.

मामूंनी आणि गड्यांनी ब्लॉक एकेक करून ट्रॉलीवर घेतले आणि मागच्या मुरमाच्या मोकळ्या जागेत नेले. तीन गेले. चौथा नेताना सळईच्या भोकातून धुराची बारीक दोरी निघाली. जळक्या केसांसारखा वास आला. गड्यांनी ट्रॉली ढकलत पळवली, ब्लॉक मुरमावर लोटला आणि मागं सरकले. पाहता पाहता त्याचा मधला भाग खाली बसला, काळं भोक पडलं, आणि मग तोंडाएवढी ज्वाळा. उरलेले दोन ब्लॉक गड्यांनी लांब नेऊन मोकळे उभे केले आणि पाइप जोडून टाकीतलं सगळं पाणी पेटलेल्यावर घातलं. ते पाणी आम्हाला शनिवारपर्यंत पुरवायचं होतं.

तेवढ्यात शेठची गाडी फाटकातून आली. सोबत वैजापूरचा व्यापारी, पान खात. ब्लॉक अजून फुसफुसत होता. शेठ काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आमच्याकडं कापसाच्या गंजीचं असंच व्हतं बघा शेठ. वल्ला कापूस दाबून रचला की आतून पेटतो. यार्डातला हमालबी रचत नाय तसा." मग मॅनेजरकडं पाहून, "ट्रक परवा पाठवतो. नवरीला जळकी गादी नको."

संध्याकाळी पाचला शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, ब्लॉकबद्दल असेल. तर त्यांनी मॅनेजरची तक्रार पुढं केली: सर्वांसमोर अपमान, लाइन परस्पर बंद. "तुमचं बरोबर होतं बाई," शेठ म्हणाले, "पण पद्धत असते. दोन ओळींचा माफीनामा लिहून द्या, विषय संपवू."

मी म्हणाले, "माफी कशाची? अकरा बायका जिवंत आहेत त्याची?"

"तसं नाही हो…"

"मग कसं ते लिहून द्या. मीही लिहून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कागद दिला. वर अकरा जणींची नावं हजेरीसारखी लिहिली. खाली तीन मागण्या. एक: शेडच्या जमिनीवर पिवळे पट्टे मारावेत, घागरीएवढ्या अंतरानं, पट्ट्यात कोणीही काही ठेवणार नाही. दोन: थंड ठेवणारं केमिकल संपलं असेल त्या दिवशी ओतकाम नाही, आणि पाण्याचं माप मामूंच्या ताब्यात. तीन: शिलाई हॉलला समोरच्या भिंतीत दुसरं दार. माफी हा शब्द कुठंही नव्हता. खाली माझी सही, आणि तिच्याखाली न सांगता अकरा सह्या झाल्या. शेवटची, बारावी, मामूंची, उर्दूत.

पट्टे आठवड्यात मारले. घागर घेऊन मीच चालून दाखवलं, रंगाऱ्यानं मागून रेघा ओढल्या. पाण्याचं माप मामूंनी कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे, मॅनेजर हल्ली त्यांना विचारतात, "मामू, आज घ्यायचं का ओतकाम?" माणूस शिकतो, हे मान्य करते.

दार झालेलं नाही. त्या भिंतीच्या पलीकडं सावली असते आणि तिथं शेठची गाडी लागते. आधी म्हणाले, पावसाळ्यानंतर. मग म्हणाले, दिवाळीनंतर. मग गवंडी मिळेना. मी गवंडी आणून उभा केला, तर म्हणाले, इंजिनिअरला विचारावं लागेल.

म्हणून मी टेपनं मापून हॉलच्या भिंतीवर मार्करनं दार काढलं. पूर्ण मापाचं, कडीसकट. संक्रांतीला हॉलला रंग दिला तेव्हा ते पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काढलं. शेठ म्हणाले, "बाई, शोभतं का हे?" मी म्हणाले, "खरं झालं की शोभेल." दुपारी उकडायला लागलं की बायका ओरडतात, "ताई, दार उघडा की! वारं येऊ द्या." आणि सगळ्या हसतात. मी हसत नाही. मी भिंतीपासून गाडीच्या बंपरपर्यंतचं अंतर मोजून ठेवलं आहे. दार बाहेर उघडतं, गाडी फक्त चार हात पुढं घ्यावी लागते.

माझ्या वहीतल्या आजच्या यादीत नऊ कामं आहेत. आठ दुपारपर्यंत उरकली. पहिल्या नंबरावर, गेल्या मे महिन्यापासून रोज असतं तसं: दुसरं दार, शिलाई हॉल. त्याच्यापुढची चौकट रिकामी आहे.