एकवीस मोदकांचा हात

डावखुऱ्या बाईच्या हातचा नैवेद्य तुम्ही देवापुढे ठेवाल का? पटकन ‘हो’ म्हणू नका. घरात सासूबाई असतील तर आधी त्यांना विचारून या.

बनारसमधल्या दुर्गाघाटाच्या पद्माबाई मुळे यांनी हा प्रश्न वीस वर्षं कुणालाच पडू दिला नाही. नवरा, विश्वेश्वर, बालाजी घाटावर पूजा सांगायचा. दम्यानं त्याच्या पायऱ्या बंद केल्या आणि घर पद्माबाईंच्या चुलीवर आलं. गल्ल्या तुडवत मैदागिनच्या चौकात यायचं, तिथून टोटोनं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षानं, शहराबाहेरच्या मराठी लोकांच्या कॉलनीत. बँकवाले, रेल्वेचे साहेब, विद्यापीठातले प्रोफेसर. दारात दोन-दोन गाड्या, पण पुरण वाटायला दुर्गाघाटचीच बाई हवी! कॉलनीत पोचल्यावर पद्माबाई स्वयंपाकघरात शिरायच्या आणि दार लावून घ्यायच्या. “सोवळ्यात आहे हो, कुणी आत येऊ नका!”

कॉलनीला वाटे, काय कडक बाई! कडक कसली? लाटणं, झारा, सगळं डाव्या हातात. हे कळलं की श्राद्धाचं, सणाचं काम गेलंच, हे त्या पक्कं ओळखून होत्या.

गेल्या भाद्रपदात कॉलनीच्या गणेश मंडळानं मोदकांची स्पर्धा ठेवली. उकडीचे, एकवीस, स्वतःच्या हातचे. बँक मॅनेजरांच्या मृणालिनीवहिनी हळूच फोनवर म्हणाल्या, “पद्माबाई, एवढं करा ना. मला कळ्या पाडता येत नाहीत, आणि सासूबाई मांडवात समोरच बसणार. किसीको बोलना मत हं.” तासाभरात आणखी दोन घरांतून तेच, तसंच दबक्या आवाजात. पद्माबाईंना हसू आलं. तिघींनाही त्या हो म्हणाल्या. सकाळी त्रेसष्ट मोदक उकडून तीन डब्यांत भरले, तीन घरांच्या मागच्या दारांनी पोचवले आणि मांडवामागे आमटी ढवळायला उभ्या राहिल्या.

परीक्षक होते ढुंढिराजशास्त्री. मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारे, जिभेनं तिखट म्हातारे. ताटांवरून नजर फिरवत गेले आणि तीन ताटं उचलून शेजारी शेजारी ठेवली.

“हे एकाच हातचे मोदक आहेत,” ते म्हणाले. “कळ्या सगळ्या उलट्या अंगानं झुकल्यात. हात डावा आहे. कॉलनीत डावखुरं कोण?”

मंडळाचे सेक्रेटरी रत्नाकर वही घेऊन पुढे आले. “बोला ना, वहिनी. ताट तुमचं आहे.”

मृणालिनीवहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं. “मी... बाजारातून आणले,” त्या म्हणाल्या. “हलवायाकडून.”

मागे आमटीतला डाव थांबला.

गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं. पण बाजारचे? पहाटेपासून जागून केलेल्या उकडीला बाजारचं म्हणायचं? पदर खोचत पद्माबाई पुढे आल्या.

“कुठला हलवाई, वहिनी? नाव सांगा की. अख्ख्या बनारसमध्ये उकडीचा मोदक कोण विकतो, मीही जाऊन शिकून येते!”

कुणीतरी खुदकन हसलं.

“माझे आहेत. तिन्ही ताटं. हा बघा हात.” आमटीनं माखलेला डावा हात त्यांनी वर केला.

“अगंबाई, डाव्या हातानं नैवेद्य?” सासूबाई.

“वीस वर्षं करतेय, काकू. गणपती अजून तरी ताटावरून उठून गेला नाही.”

रत्नाकर शास्त्रीबुवांकडे वळले. “शास्त्रात काय आहे?”

“ते घरी जाऊन पाहतो,” म्हणत बुवांनी मोदक उचलला. एक खाल्ला, मग दुसरा. “उकड मऊ आहे,” एवढंच म्हणाले आणि तूप मागितलं.

पुढच्या आठवड्यात मंडळाचं पत्रक निघालं. पहिलं बक्षीस त्याच तीन भगिनींत विभागून. पद्माबाईंचं नाव कुठंच नाही. मग पितृपंधरवडा लागला, आणि दरवर्षीच्या सात घरांपैकी सहा घरांचे फोन आलेच नाहीत. विश्वेश्वर खोकत म्हणाला, “गप्प बसली असतीस तर...” “तर मोदक बाजारचे ठरले असते,” त्या म्हणाल्या आणि डाळ निवडत राहिल्या.

नवमीच्या आदल्या दिवशी मृणालिनीवहिनी दुर्गाघाटावर आल्या. गाडी मैदागिनला सोडून, शेणाचे पो चुकवत, दोनदा रस्ता विचारत. दारात उभ्या राहून धापा टाकत म्हणाल्या, “उद्या आजेसासूबाईंचं श्राद्ध आहे. याल ना? त्या दिवशी मी घाबरले हो.”

“तुमच्या सासूबाई?”

“त्यांनीच पाठवलंय. दुसरीच्या हातचे वडे घशाखाली उतरत नाहीत म्हणाल्या.”

पद्माबाई गेल्या. या खेपेला दार लावलं नाही. सासूबाई उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या, डाव्या हाताकडे टक लावून. पहिला वडा कढईत पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, तिसऱ्याला उघडले, आणि पाचव्याला म्हणाल्या, “जरा खमंग होऊ दे गं.”

एक घर परत आलं. पाच घरं अजून अडून बसली आहेत. त्यातल्या एकानं म्हणे प्रयागहून उजव्या हाताची बाई आणली, तिच्या पुरणात गुठळ्या.

आता पुन्हा पितृपक्ष येतोय. त्या पाच घरांपैकी एखादं तुमचं असेल, किंवा तुमच्या ओळखीतलं असेल, तर आज फोन करा. पद्माबाईंना बोलवा.