अपडेटच्या मधेच काळोख

ऑक्टोबरात अपडेट आल्यापासून माझा कॉम्प्युटर पुन्हा सुरूच होईना. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरायचे आणि मग काळोख. माझा संशय मिरजोळ्याच्या दुरुस्तीवाल्यावर होता. महिन्यापूर्वी आतला पंखा साफ करताना त्यानेच काहीतरी करून ठेवलं असणार, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. म्हणून मी कॉम्प्युटर दुकानात नेलाच नाही. त्याला घरी बोलावला आणि त्याच्या हातांवर नजर ठेवून शेजारी बसलो.

पेन ड्राइव्ह लावून त्याने काम सुरू केलं. "अपडेट चालू असताना कुणी मधेच बंद केलेला का?"

"आमच्या घरात असला गाढवपणा कुणी करत नाही," मी म्हटलं. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायची ही जुनी तऱ्हा.

तेवढ्यात घाटाकडे ढग गडगडले. वीज पडायच्या भीतीने लहानपणापासून लागलेली सवय. मी उठलो आणि प्लग उपटला. पडदा काळा झाला.

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. "त्या दिवशीपण ह्यांनी असंच केलंनी," ती त्याला म्हणाली.

त्याने चहा घेतला, खुर्ची उचलून माझ्या नि प्लगच्या मधे ठेवली आणि माझ्या हातांवर नजर ठेवून बसला.