कोंडपाड्याच्या वाटेचे टायर

काळूराम पाटलाला हल्ली सकाळी उठल्या उठल्याच दमल्यासारखं वाटायचं. वय अठ्ठावन्न. त्यातली चौतीस वर्षं उमेळ्याच्या फाट्यावर टायर उतरवण्यात आणि चढवण्यात गेली होती. कंबर वाकली की सरळ व्हायला वेळ लागे, आणि सरळ झाली की पुढची गाडी दारात उभी असे. आता मशीन आलं होतं, पहारीनं टायर उचकटायचं काम राहिलं नव्हतं, पण हाडांत शिरलेली ती जुनी पहार काही निघत नव्हती.

खाडीकाठच्या भातशेतीवर वाढलेला माणूस. चिखल त्याला शाळेच्या आधी कळला. खाजणाच्या खारट चिखलात रुतलेला पाय सरळ वर ओढायचा नाही, आधी टाच सोडवायची, वारा आत जाऊ द्यायचा, मग पाय आपसूक निघतो, हे बापानं त्याला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. त्या शेतावर आता तीन इमारती उभ्या होत्या. चिखलाची ती अक्कल मात्र टायरच्या धंद्यात कामी आली. गिऱ्हाईक आलं की काळूराम टायर दाखवायच्या आधी विचारायचा, "गाडी जाते कुठं?" लोक वैतागायचे. पण ज्यांना खरंच वाईट वाटेवर जायचं असे, ते बोळिंजहूनही त्याच्याकडेच यायचे.

एके काळी या कामाचा त्याला शौक होता. चिखलाचे ते जाड टायर पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा रबराचे मोठमोठे ठोकळे आणि त्यांच्यामधल्या बोट जाईल एवढ्या खाचा यांवरून तो कौतुकानं हात फिरवत बसला होता. त्याच वर्षी धाकट्या भावानं, सोनूनं, उघडी जीप घेतली. "दादा, सगळ्यांत दांडगी नक्षी लाव," तो म्हणाला, आणि काळूरामनं लावली. सोनू कुठं जाणार हे त्यानं विचारलं नाही. ज्याला त्याला विचारणारा माणूस, भावाला विचारलं नाही. सोनू जाणार होता हायवेनं, मित्रांना जीप दाखवायला. दोन महिन्यांनी पावसात पुढचा कंटेनर थांबला, सोनूनं ब्रेक दाबला, आणि ओल्या काँक्रीटवर त्या मोठ्या ठोकळ्यांचं पकड धरण्यापुरतं रबरच टेकत नव्हतं. जीप थांबायची तिथं थांबली नाही. सोनूचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

याला सात वर्षं झाली. सोनू काठी घेऊन चालतो, घरी बसून मोबाईल दुरुस्त करतो. टायरबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही. बोलला असता तर काळूरामला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तो विक्री करी, पण त्यात जीव नसे. शनिवारी पोरं येऊन मोबाईलवरचे फोटो दाखवत, "काका, असाच राक्षस पाहिजे," आणि काळूराम खाली मान घालून नट सोडवत राही.

यंदा जूनच्या शेवटी सांडोरचा सिप्रियन आला. एका संस्थेचा फिरता दवाखाना होता, त्याची जीप तो चालवायचा. बरोबर सलोनी होती, दवाखान्याची नर्स, आणि धवल, संस्थेच्या ऑफिसात काम करणारा तरुण.

सिप्रियननं मागच्या आठवड्यातली हकीकत सांगितली. पारोळच्या पुढं आत डोंगरालगत कोंडपाडा आहे. तिथून एका अडलेल्या बाईला घेऊन निघाले, आणि पाड्याच्या वाटेवरच जीप रुतली. पाऊण तास चाकं गरगरली. शेवटी पाड्यातल्या माणसांनी बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं.

"बाई वाचली," सलोनी म्हणाली. "बाळ नाही वाचलं."

मग धवलनं मोबाईल पुढं केला. "काका, हे बघा. सगळ्यांत मोठे ठोकळे, साइडलापण दात आहेत. हेच बसवू. पुन्हा अडकायला नको."

काळूरामनं जीपची चाकं पाहिली. साध्या रस्त्याचे टायर, बारीक खाचा. चार फेऱ्यांत माती भरून चाक गुळगुळीत होणार. अडकली यात नवल नव्हतं. त्यानं धवलच्या मोबाईलकडं पाहिलं, आणि तो हातानं बाजूला सारला.

"वाट बघितल्याशिवाय सांगत नाय," तो म्हणाला.

खरं तर त्याला कुठंही जायचं नव्हतं. दुकान बंद करून चाळीस किलोमीटर जायचं, पावसात भिजायचं, आणि कशासाठी? तरी तो दुसऱ्या दिवशी सकाळी सिप्रियन आणि सलोनीबरोबर जीपमध्ये बसला. वाटेत त्यानं सिप्रियनला दोनच प्रश्न विचारले. रोज किती फिरता, आणि त्यात कच्ची वाट किती. सिप्रियननं हिशोब केला. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर, त्यात चिखल फार तर पाचशे पावलं.

वाट सुरू झाली तिथं काळूरामनं चपला काढल्या आणि चिखलात उतरला. मूठभर माती घेऊन त्यानं तळहातावर वळली. वात झाली, तुटली नाही. चिकणमाती. मग सिप्रियनकडून काठी घेऊन दर दहा पावलांवर रोवत गेला. काठी वीतभर आत जाई आणि ठक्क करून थांबे. पाचशे पावलं त्यानं अशी मोजली. परतताना त्याची कंबर इतकी धरली की सलोनीनं हात दिला.

"काका, बसा जरा. काय दिसलं?"

"खाली मुरूम आहे. बूड कडक आहे," जीपच्या पायरीवर टेकत तो म्हणाला. "रुंद टायर लावला तर वरच्या वर पोहत राहील. अरुंद पाहिजे, चिखल कापून खाली टेकेल. कडेचे ठोकळे सुटे पाहिजेत, म्हंजे फिरताना माती झडेल. पन मधले जवळजवळ. डांबरावर गाडी थांबायला पाहिजे."

सलोनीकडून हे कळल्यावर धवल तिच्याबरोबर दुकानात येऊन भांडला. "म्हणजे अर्धवटच ना काका? पुन्हा अडकली तर?"

"अडकेल एखाद वेळ."

"मग?"

"चिखलात अडकलेली गाडी मानसं ढकलून काढतात. पावसात डांबरावर न थांबलेली गाडी कोनी धरू शकत नाय." एवढं बोलून काळूरामला धाप लागली. "धड चिखलाची नाय, धड डांबराची नाय, अशी मधली नक्षी लावायची. नायतर दुसऱ्या दुकानात जा."

सलोनीनं धवलकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी रोज त्या गाडीत बसते. काका म्हणतात तेच लाव."

टायर बसले. काळूरामनं सिप्रियनला चिखलात पकड यावी म्हणून पाड्याच्या तोंडाशी किती हवा सोडायची आणि डांबरावर आल्यावर न विसरता पुन्हा भरायची, हे तीनतीनदा सांगितलं. पायानं चालवायचा पंप स्वतः जीपमध्ये ठेवला.

ऑगस्टमध्ये जीप दोनदा अडकली. पहिल्यांदा सिप्रियन हवा सोडायला विसरला होता. चूक लक्षात आल्यावर त्यानं हवा कमी केली आणि गाडी निघाली. दुसऱ्यांदा मात्र पाड्यातल्या बायाबाप्यांनी अर्धा तास ढकलली. आत दम्याचा म्हातारा होता. तो दवाखान्यात पोचला, पण धवलचा फोन आलाच.

"मी म्हटलं होतं, काका."

"हो. माझ्या सांगन्यावरूनच लावले," काळूराम म्हणाला. त्यानं फोन ठेवला, शटर ओढलं आणि भर दुपारी घरी गेला.

ओटीवर सोनू कुणाचा तरी मोबाईल उघडून बसला होता. भावाला अवेळी पाहून त्यानं हातातलं काम थांबवलं. काळूरामनं भिंतीला पाठ टेकली आणि सगळं सांगितलं. कोंडपाडा, काठी, मधली नक्षी, धवलचा फोन. सात वर्षांत टायर हा शब्द त्या घरात पहिल्यांदा निघाला.

सोनूनं हातातला स्क्रू डबीत टाकला.

"दादा, ती जीप आदी दोनदा सरकली होती," तो म्हणाला. "एकदा नायगावच्या पुलावर, एकदा स्टेशनपाशी. पानी दिसलं की थांबायची नाय. मना म्हाईत होतं."

"मग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तू टायर काडले असतेस. मना ते पायजे होते." त्यानं मान खाली घातली. "नंतर लाज वाटली. तू सवताला दोष देत फिरतो, ते दिसत होतं. तरी नाय बोललो."

काळूरामला राग आला. सात वर्षांचा राग एकदम येईल असं त्याला वाटलं, पण तेवढं बळच अंगात नव्हतं. तो म्हणाला, "लवकर सांगायला पायजे होतंस." सोनू म्हणाला, "हो." मग काळूराम तिथंच ओटीवर आडवा झाला आणि झोपला. दिवेलागणीला बायकोनं चहासाठी उठवलं तेव्हा कंबर तशीच दुखत होती.

पावसाळा संपला. जीप त्या दोन वेळांखेरीज अडकली नाही. कोंडपाड्याहून चार बाया बाळंतपणाला वेळेवर पोचल्या. ओल्या डांबरावर सिप्रियनला कितीदा ब्रेक दाबावा लागला आणि गाडी कितीदा गुमान थांबली, याची कोणी नोंद ठेवली नाही. थांबलेल्या गाडीची बातमी होत नाही.

दसऱ्याच्या सुमारास एक पोरगा आपली नवी जीप घेऊन दुकानात आला आणि फोटो दाखवून म्हणाला, हेच पाहिजेत. काळूरामनं नट सोडवायला घेतलेला पाना खाली ठेवला, एक स्टूल त्याच्याकडं सरकवलं, दुसऱ्यावर स्वतः बसला.

"बस," तो म्हणाला. "गाडी जाते कुठं, ते आदी सांग. खरं सांग."